सही तुझ्याकडे आहेच की

आमच्याकडे शिफारसपत्र ज्याचं त्यानेच लिहायचं असतं. हे कुठल्या नियमात नाही, पण एम.ए. करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. सरांच्या केबिनच्या दाराशी घुटमळायचं, सर चष्मा कपाळावर सरकवून म्हणणार, "तूच लिहून आण, मी सही करतो." मग आपणच आपल्याला हुशार, कष्टाळू आणि होतकरू ठरवायचं. पहिलं पत्र मी लाजत लाजत लिहिलं होतं, पुढे हात बसला. यात कुणाला काही खोटं वाटत नाही. सरांना वेळ नसतो, विद्यार्थ्याला गरज असते आणि सही खरी असते.

नेदरलँड्समध्ये असं चालत नाही, हे आठ वर्षं इथे राहूनही मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं, हे आधीच कबूल करून टाकते. नाहीतर पुढचं वाचताना कुणीतरी म्हणणारच, "पण बाई, पत्र तूच लिहिलंस ना?" हो, मीच लिहिलं.

मी इथे आले ती नवऱ्याच्या व्हिसावर. त्याची कंपनी, त्याची बदली, त्याच्या नावावर हेगजवळच्या झूटरमेरमधलं घर. माझी एम.फिल.ची पदवी बॅगेत तळाला होती आणि पहिली काही वर्षं तिथेच राहिली. मुलगा शाळेत जायला लागला तेव्हा मी आठवड्यातून दोन दिवस हेगच्या अभिलेखागारात जाऊन बसायला लागले. मी वेंगुर्ल्याची. आमच्या गावात डचांची पडकी वखार आहे, लहानपणी आम्ही तिथे लपंडाव खेळायचो. त्या वखारीचे कागद इथे हेगला आहेत, घरापासून अर्ध्या तासावर, हे कळल्यावर मला घरात बसवेना.

त्या कागदांत डच अधिकारी पानोपानी आहेत. पण मला हवे होते ते वखारीतले पाणके, हमाल, धोबिणी, विकत घेतलेल्या दासी. त्यांची नावं कुठेतरी एका ओळीत येतात, तीही वेडीवाकडी लिहिलेली. ती वाचायची तर जुनी डच लिपी यायला हवी. ती मी एकटीने शिकले. आजच्या डचमध्ये मला नगरपालिकेच्या खिडकीवर धड भांडता येत नाही, पण साडेतीनशे वर्षांपूर्वीचा कारकून काय म्हणतो ते वाचता येतं. मुलाला याचं फार हसू येतं. तो डचमध्ये काहीतरी बोलतो, मी मराठीत रागावते, असं आमचं चालतं.

अशातच त्या फेलोशिपची जाहिरात दिसली. अल्पसंख्य आणि स्थलांतरित समाजांतून आलेल्या संशोधकांसाठी, चार वर्षं पीएच.डी. करायची संधी. अट एकच अडचणीची होती, शेवटची पदवी मिळून दहा वर्षांपेक्षा जास्त झालेली नकोत. माझं दहावं वर्ष चालू होतं. म्हणजे ही पहिली खेप आणि हीच शेवटची.

दोन शिफारसपत्रं लागणार होती. एक कोल्हापूरचे माझे सर देणार, ते आता निवृत्त आहेत. दुसरं नेदरलँड्समधल्या कुणाचं तरी हवं होतं, आणि इथे मला ओळखणारी प्राध्यापक एकच होती, रायस्वाइकच्या ताई.

ताई इथे वीस वर्षं आहेत. विद्यापीठात स्थलांतरावर शिकवतात. इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत आम्हा नवऱ्यांमागून आलेल्या बायकांना कोपऱ्यात गाठून दरडावायच्या, "पोळ्या काय करत बसलात? डच शिका, बाहेर पडा, स्वतःच्या पायावर उभ्या राहा." मला त्या फार आवडायच्या. त्यांच्या एका प्रकल्पासाठी मी दोन वर्षं मुलाखती उतरवून दिल्या, इथल्या मराठी बायकांच्या. हेडफोन लावून तासन्‌तास ऐकायचं, मराठीत लिहायचं, मग इंग्रजीत. मुलाखत देणाऱ्या बाईला संमतीचा फॉर्म द्यावा लागे, त्यावर ताईंची सही हवी. प्रत्येक वेळी रायस्वाइकला कोण जाणार, म्हणून त्यांनी सहीचा फोटोच मला पाठवून ठेवला होता. मला तेव्हा तो विश्वास वाटला.

फेलोशिपचं सांगायला फोन केला तेव्हा त्या हसल्या. "तुझं बरंय बाई, तिकडे एक कोटा, इकडे दुसरा."

मीही हसले. तिकडे मी राखीव जागांच्या ज्या यादीतून शिकले ती यादी ताईंना ठाऊक होती, मीच कधीतरी सांगितली होती. हसण्यावारी नेलं, कारण पत्र हवं होतं. आज त्या हसण्याचा मला स्वतःचाच राग येतो.

"ताई, शिफारसपत्र द्याल ना?"

"अगं, विचारतेस काय? पण मी कॉन्फरन्सच्या गडबडीत आहे. तूच ड्राफ्ट कर, छान स्ट्राँग लिही. लाजू नकोस."

"वाचायला पाठवते मग."

"नको गं, कशाला? मला इनबॉक्स उघडायला वेळ नाही. सही तुझ्याकडे आहेच की, लाव आणि कर अपलोड."

सरांनाही मीच लिहून पाठवलं. पण सरांनी वाचलं. 'असामान्य' हा शब्द खोडून त्यांनी 'चांगली' केलं, फोनवर म्हणाले, "असामान्य वगैरे लोकांना खरं वाटत नाही गो," आणि मुलीकडून स्कॅन करवून सही केलेलं पत्र परत पाठवलं. ताईंच्या पत्राखाली मी सहीचा फोटो लावला. दोन्ही पत्रं एकाच आठवड्यात लिहिली होती. 'किचकट कागदांपुढे न कंटाळता बसण्याची दुर्मीळ चिकाटी' हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की ते दोन्हींत गेलं. माझ्या लक्षातही आलं नाही.

मुलाखत झाली आणि चांगली झाली. समितीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी एका धोबिणीच्या नावाचं मी लावलेलं वाचन ऐकून मान डोलावली. घरी येऊन मी नवऱ्याला म्हटलं, "मिळेल बहुतेक." आठ वर्षांत असं मी कशाबद्दलच म्हटलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी ईमेल आली. शिफारसपत्रांबद्दल काही शंका आहेत, दोन्ही प्राध्यापकांशी संपर्क साधला आहे, आपण भेटायला यावं. मी लगेच ताईंना फोन लावला.

"हो, मलाही मेल आली होती," ताई म्हणाल्या. आवाज अगदी शांत. "टेन्शन घेऊ नकोस. मी बोललेय त्यांच्याशी. तू फक्त एवढंच सांग, की मिसअंडरस्टँडिंग झालं. बाकी एक्स्प्लेन करत बसू नकोस, तुझी सवय आहे फार बोलायची."

मी अक्षरशः तसंच केलं. समितीच्या बाई माझ्या वयाच्या असतील. त्यांनी दोन्ही पत्रं पुढे ठेवली, त्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ होती. विचारलं, "याबद्दल तुम्हाला काय सांगायचंय?" मी म्हटलं, "माझा गैरसमज झाला." आणि गप्प बसले. मला वाटत होतं, मी ताईंना सांभाळते आहे.

त्यांनी तिसरा कागद काढला आणि सरांचं उत्तर वाचून दाखवलं. सरांनी लिहिलं होतं की मसुदा विद्यार्थिनीचाच आहे, आमच्याकडे ही रीत आहे, मी तो वाचून, दुरुस्त करून सही केली आहे आणि त्यातला शब्दन्‌शब्द मला मान्य आहे. ज्यांना इंग्रजी ईमेल लिहायला मुलगी लागते, त्या माणसाने एक वाक्यही फिरवलं नव्हतं.

मग चौथा कागद. ताईंचं उत्तर. हे पत्र मी लिहिलेलं नाही, पाहिलेलं नाही. सदर व्यक्तीकडे माझी सही प्रकल्पाच्या फॉर्मसाठी दिलेली होती. ती माझ्या परवानगीशिवाय वापरली गेली याचं मला दुःख आहे. तिची परिस्थिती लक्षात घेऊन समितीने फार कठोर होऊ नये.

तिची परिस्थिती! माझ्या बाजूने बोलल्यासारखं करून तो माझा गळा केसाने कापलेला होता. आणि मी आताच, स्वतःच्या तोंडाने, 'माझा गैरसमज झाला' म्हणून बसले होते. आता खरं सांगायला गेले तर ते दुसरं खोटं वाटणार होतं. तरी सांगितलं. फोनवर परवानगी दिली होती, म्हटलं. बाईंनी विचारलं, लेखी काही आहे का? नव्हतं. ताई लिहीत नाहीत, ताई फोन करतात.

अर्ज बाद झाला. खोट्या सहीची नोंद त्यांच्याकडे राहणार, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. मी ते पत्र नवऱ्याला वाचायला दिलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले. अर्ज बुडाल्याचं दुःख होतंच, पण त्याहून जास्त लाज होती. अभिलेखागारातल्या माणसांना हे कळलं तर ते मला कागद हातात देतील का, या विचाराने मी महिनाभर तिकडे फिरकले नाही.

मग एका शनिवारी दुपारी रायस्वाइकला गेले. न कळवता. ताईंनी दार उघडलं, म्हणाल्या, "ये, ये. चहा टाकते."

"चहा नको. समितीला खरं काय ते लिहा."

"बस तरी."

"तुम्ही सांगितलंत म्हणून सही लावली. एवढंच लिहा. एक ओळ."

त्या माझ्यासमोर बसल्या. चिडल्या नाहीत, उलट मला समजावायला लागल्या. "हे बघ, मी तसं लिहिलं तर माझ्यावर इन्क्वायरी लागेल. इंटिग्रिटीचा मामला इथे किती सीरियस असतो तुला माहीत नाही. वीस वर्षं घातलीत मी इथे. माझं सगळं या नोकरीवर आहे. तुझं तसं नाही ना. तुला नवरा आहे."

स्वतःच्या पायावर उभ्या राहा म्हणणाऱ्या बाईने मला हे सांगितलं. भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं माझी आई म्हणायची. मला मात्र त्या वेळी एकही म्हण सुचली नाही. ताईंना वाटलं मी निवळले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

"तुझं नुकसान झालं, मला कळतं. मी भरून काढते. दुसरीकडे अप्लाय कर, बेल्जियममध्ये वगैरे बरंच असतं. या वेळी पत्र मी स्वतः लिहिते. आत्ता लिहिते, तुझ्यासमोर."

खरंच त्यांनी लॅपटॉप उघडला, चष्मा लावला. माझं नाव टाइप केलं, मी तिला सहा वर्षं ओळखते असं लिहिलं. पुढचं वाक्य सुरू केलं आणि थांबल्या. स्क्रीनकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिले. मग मान वर करून त्यांनी अगदी मायेने विचारलं,

"तुझं ते वेंगुर्ल्याचं म्हणजे... काजूवरच होतं ना गं?"