चंद्रभागाबाईची भिंत

धारूरच्या घाटाखाली आमच्या गावात महादेवाचं जुनं देऊळ आहे. माझ्या लहानपणी ते पांढरंशुभ्र होतं आणि त्याची एक भिंत तशी ठेवण्याचा मक्ताच जणू माझ्या चुलतीनं घेतला होता. चंद्रभागाबाई तिचं नाव. जिभेला फटकळ, हाताला सढळ, आणि देवाशी घरच्या माणसासारखं भांडणारी.

आमच्याकडची रीत अशी, की लेकरू दुखण्याला पडलं की आई देवळाच्या भिंतीचा नवस बोलायची. लेकरू उठलं की दर शिवरात्रीच्या आधी तेवढ्या भिंतीला चुना द्यायचा. काकूची आधीची लेकरं जगली नव्हती. मग झाला त्रिंबक. त्यालाही देवी आल्या, तेव्हा दाराच्या उजव्या अंगाची भिंत जन्मभर पांढरी ठेवीन, असं ती देवाला बोलली. पोरगा वाचला. तेव्हापासून ती भिंत तिची. दुसऱ्या बाईनं तिथं कुंचा टेकवला, तर काकू तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

असे कितीतरी आयांचे चुन्याचे थर त्या देवळावर चढले होते. खाली देऊळ कसं आहे, हे गावात कुणीच पाहिलं नव्हतं आणि कुणाला त्याची उठाठेवही नव्हती.

एका वर्षी हैदराबादेहून, निजाम सरकारच्या जुन्या इमारतींच्या खात्यातून, कल्याणराव नावाचे अहलकार आले. सरकारी असूनही माणूस चांगला. देऊळ बघून ते हरखलेच. पारावर बसून त्यांनी गावाला सांगितलं, की वरचं विटांचं शिखर मागाहून चढवलेलं, पडवी तर त्याहून अलीकडची. पण खालचं सगळं यादवांच्या काळचं, दगडाला खाचा पाडून दगडात दगड बसवलेलं. चुन्याच्या थरांमागं पाणी मुरतंय, म्हणून चुना उतरवायचा आणि पुन्हा द्यायचा नाही. गावाला पटलं. मजूर लागले, त्यांत त्रिंबकही होता.

काकूचं धाबं दणाणलं. चुना उतरला म्हणजे नवस मोडला, आणि नवस मोडला की देव आपलं पोर परत नेणार, असंच तिच्या मनानं घेतलं. चुना उतरून बाकीचं देऊळ काळं झालं, तेव्हा ती आपल्या भिंतीला पाठ लावून बसली. गुरवानं समजावलं, बायकांनी समजावलं, ती हलेना. कल्याणराव रागावले नाहीत. एवढी भिंत राहू द्या, वर काय कळवायचं ते मी बघतो, म्हणाले. त्या शब्दासाठी मी त्यांना अजून दुवा देतो.

त्रिंबक मात्र तिच्याजवळ जाऊन बसला. आता तो बाप्या माणूस होता, दोन लेकरांचा बाप.

"माय, मी जगलो न्हाई का?" तो म्हणाला. "देवानं त्याचं काम कवाच केलं. आता त्याला मोकळं कर."

काकू उठली आणि त्याच्या हातातली लाकडी पाचर तिनं काढून घेतली.

"तू हात लावू नगंस. म्या दिलंय, म्याच उतरवीन."

ओलं पोतं लावून मऊ केलेला चुना तिच्या हाताखाली पापुद्र्यापापुद्र्यानं सुटत गेला. खाली काळा दगड निघाला, थंड आणि गुळगुळीत. दोन दगडांच्या सांध्यात तिनं नख घालून पाहिलं, ते शिरेना. आत चुन्याची चिमूटही नाही, नुसतं एकमेकांच्या आधारानं हे उभं आहे, असं कल्याणरावांनी सांगितलं. काकूनं वळून त्रिंबकाकडं पाहिलं. तो धडधाकट उभा होता. मग भिंतीला हात लावून ती देवाशी बोलू लागली, पण या खेपेला भांडणाचा सूर नव्हता.

"तुला ह्या चुन्याची गरजच नव्हती की रे. गरज मला व्हती. म्हणून इतकी वर्सं गप उभा राहिलास. लई उपकार झाले बाबा."