तीस हजार एकतीस

तलासरीजवळच्या एका शाळेत मी तासिका तत्त्वावर गणित शिकवत होते. कायम जागा निघाली तेव्हा संस्थेचे अध्यक्ष स्वतः माझा तास बघायला आले आणि आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसले. मला ठेवायचं की घालवायचं, ते त्या तासावर ठरणार होतं. मुलांनाही ते ठाऊक होतं. शाळेच्या भिंतींना कान असतात.

मूळ संख्यांचा धडा होता. दोन, तीन, पाच, सात, अकरा आणि तेरा यांचा गुणाकार तीस हजार तीस. मी त्यात एक मिळवला. आता या सहांपैकी कशानंही भागलं तरी एक उरणारच.

"म्हणजे तीस हजार एकतीस ही मूळ संख्या," अध्यक्ष मागून म्हणाले. एके काळी तेही गणितच शिकवत. "लिहून घ्या रे."

मुलं लिहायला लागली. तेवढ्यावरून ती मूळ ठरत नव्हती. गप्प बसले असते तर काय बिघडत होतं? पण माझी आई चिंचणीला मासळी विकते. ताज्या पापलेटाला कुणी शिळं म्हटलं तर ती गिऱ्हाईक सोडेल, भांडण सोडायची नाही. माझ्यातही तेच रक्त.

"थांबा," मी मुलांना म्हणाले. "सर, तेराच्या पुढच्या मूळ संख्यांनीही भागून बघू या."

एकेका बाकाला एकेक संख्या वाटून दिली. सतरानं भागून नऊ उरले, एकोणिसानं अकरा. दर उत्तराला अध्यक्ष मान हलवत होते. त्रेपन्नपर्यंत पोचलो तरी भाग जाईना. ही संख्या मी आधी घरी तपासून का आणली नाही, म्हणून माझा मलाच राग येत होता.

एकोणसाठ आली विवळवेढ्याकडच्या पाड्यावरच्या एका मुलीच्या वाट्याला. भागाकारात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. भागाकार संपवून तिनं माझ्याकडे बघितलं, मग वळून अध्यक्षांकडे.

"किती उरले गं?" मी विचारलं.

"एक."

"बघा," अध्यक्ष म्हणाले.

एक उरणं शक्यच नव्हतं. तसं असतं तर तीस हजार तीसला एकोणसाठनं भाग गेला असता, आणि ती तर त्या सहाच संख्यांची बनलेली. मी खडू घेतला आणि फळ्यावर भागाकार मांडला. एकोणसाठ गुणिले पाचशे नऊ. बाकी शून्य.

अध्यक्ष उठले, "चालू द्या," म्हणाले आणि गेले. जागा गेली हे मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं.

मधल्या सुट्टीत मी त्या मुलीवर सगळा राग काढला. "इतका सोपा भागाकार तुझा चुकतोच कसा?"

"चुकला नव्हता, बाई," ती खाली बघत म्हणाली. "शून्यच आलं होतं. पण तुम्हाला ठेवणार ते साहेब. म्हणून एक उरवला."