सूर्याची पहिली पाळी

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, निवृत्त झाल्यावर रोज पहाटे उठून सूर्य चालू करायला जायचे. हे मी चेष्टेने सांगत नाही. दाढी करून, पिवळं हेल्मेट घालून ते कॉलनीच्या सभागृहाच्या गच्चीवर चढत, लोखंडी खुर्चीवर बसत आणि पूर्वेकडे नजर लावत. सूर्य वर आला की खालून दूध घेऊन जाणाऱ्या कुणालाही ओरडून सांगत, "युनिट आलं." आई घरातून म्हणायची, "सूर्य काय यासले इचारीसन उगस का?"

आमची जळगावातली कॉलनी दीपनगरच्या निवृत्तांनी भरलेली आहे. नानांनी उभी हयात तिथल्या वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये काढली; वीज बनवणारा संच सुरू झाला की तिथं 'युनिट आलं' म्हणतात. बाकीचेही त्याच गोत्रातले, कुणी बॉयलरवर, कुणी कोळशावर. जन्मभर कोळसा जाळलेली ही मंडळी, आणि महापालिकेने शहरासाठी स्वच्छ ऊर्जेचा आराखडा केला तेव्हा सुरुवातीलाच नंबर लागला तो आमच्या कॉलनीचा. सभागृहाच्या गच्चीवर सौर पॅनेल बसले. त्यांच्यावर सभागृह आणि पाण्याची मोटर चालणार होती. देखरेखीसाठी रहिवाशांची ऊर्जा समिती हवी होती. नाना अध्यक्ष झाले.

मला बरं वाटलं, ते उगाच नाही. निवृत्तीनंतर नाना वाळत चालले होते. पहिल्या पाळीच्या वेळेला त्यांना जाग यायची. अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते पलंगाच्या कडेवर बसायचे. न्यायला बस येणार नाही हे आठवलं की शर्ट काढून पुन्हा घडी करायचे. जेवण निम्म्यावर आलं होतं. हा माणूस असाच एक दिवस बसल्या बसल्या संपेल अशी मला भीती वाटायची. समिती आली आणि ते पुन्हा दोन वेळा पोटभर जेवायला लागले. म्हणून पुढचं सगळं मी सहन केलं. मी स्वभावाने सहन करणाऱ्यातली नाही.

अडचण अशी होती की सौर पॅनेलला माणसाने करावं असं काही नसतं. बॉयलर नाही, टर्बाइन नाही, राख नाही. साधा आवाजसुद्धा नाही. नाना पॅनेलला कान लावून आले आणि काळजीत पडले. "चालू मशीन गप्प कसं बसेल?" रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. यांनी तुंबड्यांच्याही पाळ्या लावल्या. पहिली पाळी नानांची, दुसरी वर्कशॉपवाल्या चाचांची. चाचा दीपनगरला फिटर होते आणि नानांचे जुने दोस्त. तिसऱ्या पाळीवरून वाद झाला. चाचांचं म्हणणं, "रात को वहाँ क्या देखना है?" नाना म्हणाले, "युनिट बंद आहे की नाही, ते कोण बघणार?" चाचांना ते पटलं. पटलं हे विशेष.

पाळी बदलताना चार्ज दिला-घेतला जाई. दोघं म्हातारे ताठ उभे राहत. "ऊन नॉर्मल. वारा पश्चिमेचा. धूळ थोडी. दोंडाईच्याकडून एक ढग येतोय, त्याच्यावर लक्ष ठेवा." ढग खरंच आला तर चाचा घरोघरी फोन करून युनिट ट्रिप झाल्याचं, म्हणजे बंद पडल्याचं, कळवत आणि गेला की पुन्हा फोन करत. समितीने वीजबचतही मनावर घेतली होती. नाना कुणाच्याही घरात शिरून फ्रिजच्या दारात कागदाचा कपटा अडकवत आणि ओढून बघत. कपटा सहज निघाला की रबर सैल आहे, वीज वाया जाते, म्हणून घरवालीवर रागावत. एका घरी मुलगी बघायला पाहुणे आले होते. नानांनी पाहुण्यांना थांबवलं आणि आधी फ्रिज बघितला.

मग उन्हाळा आला, म्हणजे बिबड्या आल्या. ज्वारीच्या त्या पातळ बिबड्या वाळवायला सभागृहाची गच्ची ही बायकांच्या हक्काची जागा. नानांनी जाहीर केलं की चालू युनिटमध्ये परमिट घेतल्याशिवाय कुणालाही काम करता येणार नाही. पहिलं परमिट आईने काढलं. त्यात 'कामाचं स्वरूप' यापुढे नानांनी लिहिलं होतं, बिबड्या. 'संभाव्य धोका' यापुढे, कावळे. आईने मुकाट्याने सही केली आणि पाट्या घेऊन वर गेली. मी मात्र चिडले. आई म्हणाली, "ऱ्हाऊ दे. पोटभर जेवस ना तुना बाप?"

आणि मग एका सकाळी महापालिकेच्या इंजिनिअर मॅडम आल्या. तरुण होत्या, बोलायला गोड होत्या. पॅनेलची सगळी माहिती आता थेट त्यांच्या मोबाईलवर दिसणार होती. गच्चीवर कुणी जायची गरज उरली नव्हती, आणि सुरक्षेसाठी दाराला कुलूप लागणार होतं. त्यांनी पिशवीतून कोरं कुलूप काढलं.

"काका, तुम्ही इथं नेमकं काय करता?" त्यांनी विचारलं.

नानांनी हेल्मेट सरळ केलं. मग म्हणाले, "बघतो."

"आता सगळं आपोआप चालेल. तुम्ही घरी आराम करा."

त्यांनी ते मायेने म्हटलं. पण आराम म्हणजे काय ते मी पाहिलं होतं.

नाना खुर्चीवरून उठले नाहीत. "माझा रिलीव्हर कुठाय?" ते म्हणाले. पुढच्या पाळीचा माणूस येऊन चार्ज घेत नाही तोवर जागा सोडायची नाही, असा केंद्रातला नियम. चाचा तर लेकीकडे चाळीसगावला गेलेले.

"मोबाईल आहे ना," मॅडम म्हणाल्या.

"मग त्याला घेऊ द्या चार्ज."

मॅडमनी खरोखर मोबाईल पुढे धरला. नानांनी उभं राहून त्याला ऊन, वारा, धूळ सगळं सांगितलं आणि उत्तराची वाट बघितली. मोबाईलची स्क्रीन काळी झाली. "घेतला नाही," असं म्हणून नाना पुन्हा बसले.

ऊन चढलं. गच्ची तव्यासारखी तापली. वर माणूस असताना मॅडमना कुलूप लावता येईना, आणि नानांना हलवता येईना. मी आधी रागावले, मग समजावलं, मग हात जोडले. "नाना, इथं आता काही काम नाही हो."

"म्हणून खुर्ची रिकामी टाकून जाऊ?" ते म्हणाले. इतके दिवस आम्ही ज्याला हसत होतो त्यातलं हसू तिथंच संपलं. मला रडू आलं.

तेवढ्यात आई जिना चढून आली. पदराला हात पुसत नानांसमोर उभी राहिली.

"उठा. मी वनू."

"तू कशाला?"

"रिलीव्हर."

"तुला येतं का हे काम?"

"जनमभर तुमनी वाट दखी मी, ताट झाकी झाकी," आई म्हणाली. "बठीसन दखानंच काम शे ना हाई? माले येस."

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग उठले. हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर ठेवलं, हनुवटीखाली पट्टा बांधला, आणि चार्ज दिला. ऊन, वारा, धूळ, एकही गोष्ट गाळली नाही.

"चार्ज घेतला," आई शुद्ध ऑफिसच्या मराठीत म्हणाली. खुर्चीवर बसून तिने लुगडं नीट केलं. "जेवण करी ल्या आते. आनि टाईमवर या. डबल ड्युटी माले जमाव नही."

मॅडम कुलूप हातात धरून उभ्याच होत्या. त्यांनी आईला विचारलं, "मावशी, मी खाली जाऊ का?" आईने जरा विचार केला आणि परवानगी दिली.

घरी नाना पोटभर जेवले. मी म्हटलं, आता घटकाभर पडा. ते दारात चपला घालत होते.

"ती वाट बघत असेल," ते म्हणाले. पाळी बदलायला अजून खूप वेळ होता.