तोंडात टाचण्या

“हो, पाणीच,” असं राजरत्न म्हणाला होता, आणि ते दोन शब्द नऊ दिवस झाले तरी रचनाच्या मनातून जात नव्हते.

म्हटलं तर त्यात काहीच नव्हतं. रविवारी मुलगा ठाण्याहून आला, जेवला, दोन तास बसला आणि गेला. भांडण नाही, की कुणाचा आवाज चढला नाही. पण जेवणानंतर तो शिलाई मशीनशेजारच्या स्टुलावर येऊन बसलेला, दोऱ्याची रिकामी बॉबिन बोटांत फिरवत.

“मम्मी, ऐक ना. मला आता तिकडे...”

“तिकडे पाणी येत नाही ना धड?” मशीनवरची नजर न काढता रचनाने त्याचं वाक्य मधेच उचललं. “मी तेव्हाच म्हटलेलं, किसननगरची खोली बघताना आधी पाण्याची वेळ विचार. तुम्ही तिघांनी विचारलं काय, तर वायफाय! आता मालकाला सांगा टाकी बसवायला. आणि तो तुझा रूममेट ऋतुराज आंघोळीला किती बादल्या घेतो ते बघ आधी.”

ती अशी चांगली दहा मिनिटं बोलली असेल. बोलता बोलता एका अस्तराची अख्खी शिवण मारून झाली. तिचं संपल्यावर राजरत्न जरासा हसला, बॉबिन डबीत टाकली आणि म्हणाला, “हो, पाणीच.”

तो पाण्याचं सांगायला आला नव्हता, हे तिला तो गल्लीच्या तोंडाशी पोचायच्या आत कळलं. त्याच्यासाठी भरलेला डबा ओट्यावर तसाच होता. डबा घेऊन ती धावत कोपऱ्यापर्यंत गेली, तोवर तो दिसेनासा झालेला.

मला आता तिकडे... काय? करमत नाही? राहायचं नाही? नोकरीवरून काढलंय? कुणी त्रास देतंय? हुक लावताना, काजं करताना ती ते वाक्य वेगवेगळ्या तऱ्हेने पुरं करून बघायची, आणि दर वेळी ते आधीपेक्षा वाईटच पुरं व्हायचं. रोज फोन होत होता. “जेवलास?” “जेवलो.” “बरा आहेस ना?” “बराय.” “काल पण भातच खाल्लास ना? अरे, भाकरीचं पीठ दिलंय ना मी...” “हो मम्मी. ठेवू?” पाऊण मिनिट. त्या पाऊण मिनिटातही जास्त तीच बोलायची.

विठ्ठलवाडी स्टेशनपासून पाच मिनिटांवर, तळमजल्याच्या दोन खोल्यांतल्या पुढच्या खोलीत रचनाचं ब्लाउज शिवायचं दुकान. बावन्न वर्षांची बाई, इतिहास घेऊन बी.ए. झालेली. शिवण मात्र लग्नानंतर सासूबाईंकडून शिकली. शांताबाई फार कमी शब्दांत शिकवायच्या. “बघ,” म्हणायच्या, आणि कात्री चालवायच्या. नवरा भगवान, अंबरनाथला कंपनीत होता, तोही मितभाषी. जेवताना रचना बोलायची आणि तो “ऐकतोय” म्हणायचा. खरोखर ऐकायचा, कारण चार दिवसांनी कसला तरी धागा धरून विचारायचा, “मग त्या बाईंच्या भावाचं काय झालं?” सहा वर्षांपूर्वी तो हार्ट अटॅकने गेला. घरात शिरलेल्या शांततेची तिला भीतीच बसली. मशीन बंद असलं की ती रेडिओ लावायची, रेडिओ बंद असला की बोलायची. समोर मुलगा असायचा, त्याच्याशी बोलायची. त्याला बोलायला जागा उरते की नाही, हे कधी बघितलंच नाही.

राजरत्न चेष्टा करायचा, “मम्मी, प्रश्न पण तूच विचार, उत्तर पण तूच दे. मी नुसती हजेरी लावतो.”

“मग बोल ना! तोंड शिवलंय का तुझं?” ती म्हणायची, आणि त्याने तोंड उघडायच्या आत तिला पुढचं काहीतरी आठवायचं. पोरगा तिच्या हाताखालून गेलेला होता. त्याच्या पोटात काय, डोक्यात काय, हे त्याच्याआधी आपल्याला कळतं अशी तिची खात्री होती. “बॉस फार बोलतो,” तो म्हणाला तर “बॉस सगळ्यांचेच बोलतात.” “झोप लागत नाही,” म्हणाला तर “मोबाइल लांब ठेव.” उत्तरं चुकीची नव्हती. फक्त ती मिळाल्यावर तो पुढे काही बोलायचा नाही.

गिऱ्हाइकांच्या बाबतीतही तेच. आठ-दहा वर्षं येणाऱ्या बायकांची मापं वहीत होती, त्याहून जास्त डोक्यात. देवयानी टीचर त्यांतल्याच. पूर्वी कल्याण पूर्वेला राहायच्या, मग ठाण्याला नौपाड्यात राहायला गेल्या, तरी ब्लाउज शिवायला यायच्या ते रचनाकडेच. दिवाळीनंतर भाचीचं लग्न म्हणून मोरपंखी रेशमी कापड घेऊन आल्या. दुकानात तिघी-चौघी उभ्या होत्या.

“रचनाताई, या वेळी जरा वेगळं...”

“मागे हूक, गळा नेहमीसारखा, बाही कोपराच्या वर. टीचर, तुमचं तर मी डोळे मिटून शिवीन!” बायका हसल्या. टीचरही हसल्या. चार दिवसांनी परत आल्या, “एक सांगायचं राहिलं होतं,” म्हणून. तेव्हा रचनाने फोन कानाला लावलेला होता. हातानेच तिने खूण केली, की मापं आहेत, काळजी नको.

राजरत्न येऊन गेला त्यानंतरच्या गुरुवारी टीचर ब्लाउज न्यायला आल्या. पडद्यामागे बराच वेळ काही हालचाल ऐकू आली नाही. मग त्या बाहेर आल्या, अंगात आपलेच कपडे घालून.

“छान शिवलाय,” म्हणाल्या, पिशवी घेतली आणि गेल्या.

सोमवारी तीच पिशवी घेऊन त्यांची धाकटी बहीण आली. स्वप्ना नाव. पिशवी तिने टेबलावर ठेवली.

“ताईला माहीत नाही मी आलेय ते. मे महिन्यात तिचं ऑपरेशन झालं. डावी बाजू काढली. त्या बाजूचा हात पण सुजतो, मागे जात नाही. ब्लाउज अंगातच जाईना. मी म्हटलं, आधी सांगायचं ना त्यांना. तर म्हणते, दोनदा गेले होते सांगायला. जाऊ दे, लग्नात साधंच काहीतरी घालीन.”

“अहो, पण मग मला...” रचनाने सुरुवात केली आणि थांबली. पुढचं वाक्य ‘सांगायचं नाही का’ असं होतं.

छान शिवलाय. हो, पाणीच. दोन्हींचा आवाज एकच होता. बोलून दमलेल्या माणसाचा नव्हे, बोलायचं सोडून दिलेल्या माणसाचा.

मंगळवारी तिने दुकान बंद ठेवलं आणि ब्लाउजची पिशवी, टेप, वही, टाचण्यांची डबी घेऊन नौपाड्याला गेली. टीचरांनी दार उघडलं आणि त्या संकोचल्या. “स्वप्नाने उगाच तुम्हाला...”

“माप घ्यायला आलेय. मी घ्यायला हवं होतं, ते घेतलं नाही. चुकलं माझं.” एवढंच ती बोलली. खरं तर वाटेत तिने बरंच काही ठरवलं होतं.

आतल्या खोलीत टीचर आरशाकडे पाठ करून उभ्या राहिल्या. रचनाने ब्लाउजची डावी शिवण उसवली. आत दीड इंच कापड सोडलेलं होतं, ती सवय शांताबाईंची. मग ब्लाउज टीचरांच्या अंगात घातला, सवयीनेच चार टाचण्या ओठांत धरल्या आणि एकेक लावायला घेतली.

“डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलं,” टीचर भिंतीकडे बघत म्हणाल्या. “सगळं व्यवस्थित आहे आता.”

रचनाच्या तोंडाशी तिच्या मावसजावेची गोष्ट आलीच. तिलाही असंच झालेलं, आज सतरा वर्षं ठणठणीत आहे. बोलायला म्हणून ओठ हलले आणि टाचणीचं टोक खालच्या ओठात घुसलं. तिने तोंड मिटून घेतलं.

खोलीत शांत झालं. रचनाला ती शांतता सहन होईना. हातातली टाचणी लावून झाली, दुसरी घेतली. आता टीचर बोलायच्या थांबल्या, आपण काहीतरी बोलायला हवं, असं तिला आतून ढोसत होतं. पण ओठांत अजून दोन होत्या.

“मी डावखुरी आहे ना,” खूप वेळाने टीचर म्हणाल्या. “फळ्यावर वर हातच जात नाही. आता मी अर्ध्या फळ्यापासून खाली लिहिते. मुलांच्या लक्षात आलंय, पण कुणी बोलत नाही. घरी पण कुणी बोलू देत नाही. मी तोंड उघडलं की म्हणतात, तू किती धीराची आहेस. मग काय बोलणार पुढे? धीराची बाई रडत थोडीच असते.”

त्या रडल्या नाहीत. नुसत्या बोलत राहिल्या, फळ्याबद्दल, झोपेत चुकून डाव्या कुशीला वळण्याबद्दल, बहिणीच्या मुलीच्या लग्नात सगळ्या बायका आपल्या छातीकडे बघतील या भीतीबद्दल. रचनाने बाहीचं माप घेतलं. डावी उजवीपेक्षा सव्वा इंच जास्त. वहीत लिहिलं. टाचण्या संपल्या, तरी तिने तोंड उघडलं नाही.

“पुढे हूक लावते,” निघताना ती म्हणाली. “आणि आतून पॅड शिवते, मऊ सुती कापड लावून, म्हणजे टोचणार नाही. शुक्रवारी मीच घेऊन येईन.”

“चहा तरी घ्या, रचनाताई. आज किती बोलले मी! तुम्ही आज काही बोलला नाहीत.”

“तोंडात टाचण्या होत्या ना,” ती म्हणाली, आणि दोघी हसल्या.

ठाणे स्टेशनाबाहेर पोचल्यावर तिला वागळे इस्टेटला जाणाऱ्या शेअर रिक्षांची रांग दिसली. “एक सीट, एक सीट! मावशी, येताय का?” एका रिक्षावाल्याने विचारलं. राजरत्नचं ऑफिस तिथून वीस मिनिटांवर. त्याची खोलीही त्याच बाजूला, जिथे ती आठ महिन्यांत एकदाच गेली होती. ती पुढे झाली. त्याला खाली बोलावू, समोर बसवू आणि म्हणू, बघ राजा, तुझ्या पप्पांनंतर मी एकटीने... मग म्हणू, आईपासून लपवायचं नसतं... मग खोलीवर जाऊ, त्याचे मळके कपडे एकदा...

“मावशी?”

मनातल्या मनात ती पुन्हा बोलतच होती. तिथे पोचेपर्यंत दहा मिनिटांचं भाषण तयार होणार आणि राजरत्न शेवटी म्हणणार, हो मम्मी.

“नाही रे बाबा, जा तू,” ती म्हणाली आणि स्टेशनात शिरली.

घरी येईपर्यंत दिवेलागण झाली. पुढच्या खोलीत तिने दिवा लावला. भगवानच्या फोटोखालच्या खिळ्याला कात्री लटकत होती. रेडिओच्या बटणाकडे हात गेला, तो तिने मागे घेतला. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी मुलांना अभ्यासाला बसवत होतं. रोज या वेळी ती मशीनवर बसून, स्पीकर चालू ठेवून राजरत्नला फोन करायची. आज तिने मशीनचं बटण बंद केलं, प्लगही काढला. रोज त्याला मशीनचा हा एवढा खडखडाट ऐकू जात असणार.

ब्लाउज समोर पसरला होता, डावी शिवण उसवलेली. टीचरांचं बरं की आत कापड शिल्लक होतं. मुलाच्या बाबतीत आपण किती शिल्लक ठेवलंय, ते तिला ठाऊक नव्हतं. कदाचित तो आताही “काही नाही गं” म्हणेल. मग? मग गप्प बसायचं. त्याने फोन ठेवला तर उद्या पुन्हा करायचा आणि पुन्हा गप्प बसायचं. त्याने जे सांगितलं ते फार वाईट निघालं, तरी लगेच उपाय सांगायचा नाही. हे सगळ्यात कठीण जाणार होतं.

काय विचारायचं, ते तिने मापाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून काढलं. आधी सहा ओळी झाल्या. त्यात जेवणाचं होतं, पाण्याचं होतं, विसरलेल्या डब्याचं होतं. एकेक ओळ तिने खोडली. शेवटी एकच राहिली: त्या रविवारी तू पाण्याचं सांगत नव्हतास. काय सांगत होतास?

ती वाचून झाली की पुढे आपण बोलायचं नाही, असं तिने ठरवलं. टाचण्यांची डबी जवळ ओढली, झाकण उघडून ठेवलं, आणि फोनवर राजरत्नचं नाव शोधून दाबलं.