मान तेवढी वर राहू द्या

चहा आधी संपवा. ऐकताना ठसका लागला तर त्याचाही दोष मी स्वतःकडंच घेईन, आणि मग आठवडाभर मला चैन पडायची नाही. स्वभावच तसा! एवढं शिकलो, नावामागं डॉक्टर लागलं, पण माझ्या हातून झालेला सगळ्यात मोठा घोटाळा त्या शिक्षणामुळंच झाला, असं हल्ली वाटतं. की भित्रेपणामुळं? तुम्हीच ठरवा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. शिरूर तालुक्यात, घोडनदीकाठी इनामगावला उत्खनन चाललं होतं. मी पुण्याहून प्रबंधासाठी तिथं गेलो होतो. तीनेक हजार वर्षांपूर्वीची वस्ती. त्या लोकांची एक रीत होती. लहान मूल गेलं की त्याला मातीच्या भांड्यात घालायचं आणि राहत्या घराच्या जमिनीखाली पुरायचं. दिवसभर मी कुंचल्यानं ती इवलीशी हाडं साफ करायचो. बाकीच्यांना सवय झाली. मला कसली होतेय! चहाचं भांडं उचलतानासुद्धा आधी आत डोकावून बघायचो.

तंबूत खोकला धरला म्हणून गावात एक खोली घेतली. पलीकडच्या घरात छबूबाई आणि त्यांची सहा वर्षांची कमळी. मधली भिंत नावालाच. छबूबाई लेकीला शिस्त लावायच्या ती सगळी मला अक्षरशः ऐकू यायची. "तंगडं मोडून हातात देते!" "नदीत बुडवून येते बघ तुला!" आणि तोंडातला घास माझा खाली पडायचा.

आमच्या घरी कुणी आवाज चढवत नसे. वडील फक्त चष्मा काढून टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "आपण जरा आत या." एरवी 'अरे' म्हणणारा बाप 'आपण' म्हणाला, की आम्ही हातातलं टाकून आत जायचो. आत काही व्हायचं नाही हो! झाल्या प्रकाराची दिलगिरी कागदावर लिहून द्यायची, शुद्धलेखनासह. शिस्त म्हणजे मला एवढंच ठाऊक. ह्या माणसाला छबूबाईंची भाषा काय कळणार?

तर एका दुपारी मी खोलीत टिपणं लिहीत बसलो होतो. सकाळीच दोन भांडी सापडली होती, तोंडाला तोंड लावून पुरलेली. आत काय होतं ते सांगत नाही. पलीकडं छबूबाईंचे भाऊ आले होते. दौंडला रेल्वेत कामाला. चार दिवसांची रजा काढून आलेले. तेवढ्यात कमळीचा खणखणीत आवाज आला.

"मामा, तू कवा जानार हायस?"

मग छबूबाई कडाडल्या.

"भवाने! पाव्हन्याला असं इचारत्यात व्हय? आन् मामाला अरे-तुरे? थांब, आज तुला जित्ती रांजनात घालून गाडते! दादा, घ्या वो टिकाव!"

मी पेन खाली ठेवलं. नुसती धमकी असणार, मी स्वतःला समजावलं. आणि परसात टिकावाचा घाव पडला. धप्प! दुसरा. तिसरा. कमळी भोकाड पसरून रडत होती. काहीतरी जड सरकवल्याचा आवाज आला.

"बसतंय का?"

"आजून वाईच खोल पायजे."

"पोटापतूर गाडा, मान तेवढी वर ऱ्हाऊ द्या. आन् तोंड बांधा आधी!"

कमळीचं रडणं तटकन थांबलं.

आता मला सांगा, तुम्ही काय केलं असतं? भिंतीपलीकडं जाऊन बघितलं असतं, बरोबर! मी अनवाणी गावभर पळालो. पोलीस पाटील आप्पा पिठाच्या गिरणीत दळणाला उभे होते. गिरणी घडघडत होती. जन्मात पहिल्यांदा मी ओरडलो.

"आप्पा! लहान मुलगी! रांजणात पुरलीय!"

आप्पांनी शांतपणे मिशीवरचं पीठ झटकलं. "मंग? तुमी तर रोजच काढताय की सायेब."

"तशी नाही हो! सहा वर्षांची!"

"सा वर्सांची? म्हंजी लई जुनी न्हाई."

"जिवंत आहे! आपली कमळी!"

दळण तिथंच टाकून आप्पा धावले. मागं गिरणीवाला, मागं दळणाच्या पाट्या घेतलेल्या बाया. छबूबाईंच्या परसात बघतो तर जमिनीत पोटापर्यंत पुरलेला रांजण! मान वर, तोंडाला फडकं घट्ट बांधलेलं. कमळीचा पत्ता नाही. मी फडकं ओरबाडलं. "कमळे!" म्हणून डोकं, एक हात आणि खांदा आत घातला. आत अंधार. माझाच आवाज घुमून माझ्यावर आला. आणि बाहेर यायला गेलो तर खांदा अडकलेला!

बाहेरून गूळ चघळत कुणीतरी म्हणालं, "आये, ह्याला बी गाडायचं काय?"

कमळी! मामांनी गुळाचा खडा दिला म्हणून ती गप झाली होती. रांजण मामांनीच बाजारातून आणलेला, पाणी गार राहावं म्हणून ते पुरत होते. आत माती जाऊ नये म्हणून फडकं. हे सगळं छबूबाईंनी आप्पांना सांगितलेलं मी रांजणात डोकं ठेवून ऐकलं. लाजेपेक्षा भीती जास्त होती. ही बाई बोलते तसं करत नाही, हे माझ्या बाबतीतही खरं असेल ना?

"दादा," शेवटी त्या म्हणाल्या, "फोडा रांजन. सायेब काढा."

मामांनी फार बेतानं घाव घातला. माझं उत्खनन पुरं झालं. छबूबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "मुडद्या, डोळं फुटलं व्हतं तुझं? पोटच्या पोरीला कोन गाडतंय?" आणि त्याच दमात पाण्याचा तांब्या पुढं केला. "लागलं का रं कुठं?"

खोलीत जाऊन मी चार ओळींचं दिलगिरीपत्र लिहिलं, शुद्धलेखनासह. छबूबाईंना वाचता येत नव्हतं. मामांची रजा संपायच्या आत शिरूरला जाऊन नवा रांजण घेतला आणि एसटीत मांडीवर धरून आणला. मामांनी तो पुरून होईपर्यंत बाजूला उभा राहिलो. वाटलं, चला, झालं गेलं मिटलं.

कमळी पुढं आली. आईकडं एकदा बघितलं. हात जोडले आणि शिकवल्याप्रमाणं अदबीनं विचारलं,

"सायेब, तुमी कवा जानार हाय?"

छबूबाई तिला एक शब्द बोलल्या नाहीत. उत्तरासाठी त्याही माझ्याकडंच बघत राहिल्या.