कोबीच्या पाण्यातलं निळं अंडं

ईस्टरची अंडी रंगवताना यंदा निळं अंडं माझ्या वाट्याला आलं. अंथरुणाला खिळलेल्या आईने तेवढं एकच मागितलं होतं. जांभळ्या कोबीच्या उकळून निवलेल्या पाण्यात मी अंडं सोडलं आणि बघत बसलो. एवढ्या जांभळ्या पाण्यातून निळा येतो कुठून? बहुधा आपण कोण, हे ठरवायला रंगालाही अख्खी सकाळ लागत असावी. मला तर पन्नाशीतही ठरवता आलेलं नाही. धीर मात्र नव्हता. दर पाच मिनिटांनी मी अंडं चिमटीत धरून बघत होतो.

“अहो, बोटं घालू नका, डाग पडतील!” बायको ओरडली.

पडलेच. निळ्यावर माझ्या बोटांचे पांढुरके ठसे उमटले. ओशाळून मी अंडं आईच्या हातात ठेवलं. तिने ते उजेडात धरून सावकाश फिरवलं.

“अरे, ढगसुद्धा काढलेस?”