शेवटचे वीस फूट

स्वतःच्या कामातल्या उणिवा माझ्या ताईच्या थोरल्या दिरांइतक्या आनंदानं सांगणारा माणूस अख्ख्या वसमत तालुक्यात दुसरा झाला नसेल. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. धावपट्टीवर न पळता जागेवरून सरळ वर उठणाऱ्या लढाऊ विमानांचं सिम्युलेटर, म्हणजे वैमानिकांच्या सरावासाठी जमिनीवरच बसवलेली विमानाची नक्कल, सांभाळण्यात त्यांची सारी नोकरी गेली. खऱ्या विमानात ते कधी बसले नाहीत, पण त्यातून उतरलेल्या प्रत्येकाला गाठून विचारायचे, "खऱ्यात अन् आमच्यात फरक काय?" उत्तर लगेच वहीत. निवृत्त होऊन कुरुंद्याला आल्यावरही कसलीही नक्कल दिसली की थांबायचे. शेजाऱ्याच्या ज्वारीतलं बुजगावणं पाहून म्हणाले, "चेहरा बराबर हाय. पण वाऱ्यानं हात हलून न्हाई राहिला. पाखरू काहून फसंल?" आणि तासभर खपून त्याचा हात सैल करून दिला.

या स्वभावापायी नोकरीत त्यांनी साहेबांची बोलणीही खाल्ली. सराव संपवून निघालेल्या प्रत्येकाला ते बजावत, "उतरताना शेवटच्या वीस फुटांत आमच्या यंत्रावर भरवसा ठेवू नका." जमिनीलगत इंजिनाचा गरम झोत खालून उलटा येतो, विमान हिसके देतं, एकदम खाली बसतं, नकलेतली खुर्ची मात्र पाळण्यासारखी शांत. आपल्याच यंत्राची बदनामी कशाला, असं साहेबांनी विचारलं, तर हे म्हणाले, "यंत्र चांगलंच हाय साहेब. पण त्याला जे मालूम न्हाई, ते सांगायला माणूस पायजे ना."

पुढे काही वर्षांनी, मी ताईकडे राहायला आलो होतो तेव्हा, एका दुपारी नांदेडहून जीप करून एक तरुण वैमानिक कुरुंद्यात आला आणि अंगणात हळद निवडत बसलेल्या दादांच्या पाया पडला. त्याचं विमान ऐन जमिनीजवळ खचलं होतं. दादांचं बजावणं ध्यानात होतं म्हणून हात आधीच सावध होता आणि तो वाचला, असं तो हिंदीत सांगत होता. ताईनं डोळ्यांना पदर लावला. दादांनी वही मागवली. पहिला हिसका डावीकडून की उजवीकडून, खुर्ची आधी हलली की आवाज आधी बदलला. चहा निवून गेला तरी चौकशी संपेना.

जीप गेल्यावर त्यांनी भरलेलं पान पुन्हा वाचून काढलं. "लई कामाचं हाय हे," म्हणाले, "पण आता कळवू कुणाला? माझ्या जागी कोण हाय, तेबी मालूम न्हाई."

"मला सांगा," मी म्हणालो.

मला सायकलीपलीकडे काही चालवता येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्यांनी मला बाजेवर समोर बसवलं, विमानाचा दांडा म्हणून हातात काठी दिली आणि जमीन कशी जवळ येते, ते अगदी सावकाश समजावून सांगू लागले.